तोंडाचं माप, घशाचं माप

प्रिय छोट्या,

तुझा निरोप मिळाला. माझ्या फोनवर मी तुला ब्लॉक करून ठेवलंय, म्हणून तू तो आईच्या फोनवर पाठवलास. आईने चष्मा शोधला, फोन लांब धरला, जवळ धरला, आणि अडखळत मोठ्यांदा वाचून दाखवला. जुन्या ट्रॅकवरच्या फायनलला कितीचं बूच लावू ते ताईला विचार, तिच्याकडचं एखादं उरलं असेल तर पाठवायला सांग, अर्जंट आहे. बस्स, एवढंच. कशी आहेस नाही, आईचा गुडघा कसा आहे नाही, चुकलो तर नाहीच नाही. आणि आईचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, तू तिला दागिना पाठवलास की काय. मी म्हटलं, उत्तर देते, पण फोनवर नको, नीट कागदावर सविस्तर लिहून देते. बिचारी एवढी खूश झाली की लगेच पेन शोधून दिलं. तेव्हा हे सविस्तर.

तू सध्या कुठे अडकलायस तेही मला माहीत आहे, त्यामुळे तुझ्या अर्जंटचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. ट्रॅकवर कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नाही. ज्याच्या टीममधून तू चालवतोस त्या रिमोटच्या गाड्यांच्या दुकानदाराने तुला सरळ सांगितलंय की या फायनलला पहिला आलास तर वर्षभर गाड्या, इंजिनं, टायर सगळं त्याच्याकडून, आणि नाही आलास तर जर्सी उतरवून काउंटरवर ठेवायची. दुसरा नंबर आला तरी चालणार नाही, असंही म्हणाला म्हणे. हे ऐकल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, मोठी बहीण आहे शेवटी. पण खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी दातांच्या लॅबमध्ये गाणं गुणगुणत होते आणि आमचे साहेब म्हणाले, आज काय विशेष. म्हटलं काही नाही, एका दाढेचं माप अगदी बरोबर बसलंय.

गंमत बघ, अडचणीत आल्यावर तुझ्या तोंडी पुन्हा बूच आलं. दुकानात गेल्यापासून तू त्याला रिस्ट्रिक्टर म्हणायला लागला होतास, तेही असं ओठ गोल करून. आपल्या घरात ते कायम बूचच होतं. इंजिनाच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात बसणारी नखाएवढी नळी, आणि तिला मधोमध भोक. आईला पहिल्यांदा समजावून सांगताना मीच म्हटलं होतं, की इंजिन श्वास घेतं ते या भोकातून. भोक मोठं केलं की हवा जास्त, ताकद जास्त, आणि तहानही जास्त, टाकी भराभर रिकामी. भोक लहान केलं की गाडी गुणी मुलीसारखी वागते, थेंब थेंब पुरवून वापरते, पण लांबलचक सरळ पट्ट्यावर तिचा दम संपतो. आईला ते एका फटक्यात कळलं. तुला अजून कळलेलं नाही. तुझं आपलं एकच, मोठं लाव ताई, मोठं लाव.

पहिलं इंजिन आणलं तेव्हाचं आठवतं का रे? तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. न्हाणीघरात लाकडी स्टुलाला तारेने बांधून आपण ते सुरू केलं. गार होतं म्हणून माझं केस वाळवायचं यंत्र लावून आधी गरम केलं, आणि सुरू झाल्यावर एवढा धूर झाला की शेजारचे काका बादली घेऊन धावत आले. इंधनातल्या एरंडेलाचा तो वास आईच्या टॉवेलांतून महिनाभर गेला नाही. तिने आपल्याला दोघांना स्टुलासकट गच्चीवर हाकललं. मग गच्ची आपलीच झाली. तू रिमोट घेऊन कठड्याशी, मी इंजिनाजवळ उकिडवी, बोटाला थुंकी लावून इंजिनाच्या डोक्यावर थेंब टाकायचे आणि तो किती वेळात चर्र करून उडतो त्यावरून ताप ओळखायचे. तुझ्या बोटांत काहीतरी होतं हे मी तेव्हाच ओळखलं. गाडी वळणावर घसरायला लागायच्या आधीच तुझा अंगठा हललेला असायचा. हे मी आजही नाकारत नाही. तुझ्यासारखा चालवणारा या सगळ्या ट्रॅकवर दुसरा नाही, आणि म्हणूनच तुझा राग जास्त येतो. फालतू माणसाने असं केलं असतं तर मी थुंकून मोकळी झाले असते.

तू चालवायचास, मी इंजिन सांभाळायचे. कधी आपण तसं ठरवलं नव्हतं, पण तसंच होतं. माझी नोकरीही अशी की दिवसभर लोकांच्या खोट्या दातांना आकार द्यायचा, केसाएवढी कड राहिली तरी माणूस जेवताना बोंबलतो. बारीक कानस, बारीक घासणी, भिंग, सगळं हाताशी. त्या वर्षी जुन्या ट्रॅकवर आपलं काही केल्या जमत नव्हतं, ते तुला आठवत असेलच. बाजारातलं साडेसहा मिलिमीटरचं बूच लावलं की सरळ पट्ट्यावर सगळे पुढे निघून जायचे. सातचं लावलं की तू पुढे, पण टाकी भरायला एकदा जास्त पिटमध्ये यावं लागायचं आणि तिथेच सगळं मुसळ केरात. आणि तो बेकरीवाला, ज्याला तू कासव नाव ठेवलंस, तो आपलं सहाचं बूच लावून, कुणाशी काही न बोलता, एक पिट वाचवून तुझ्या पुढे जायचा. तू घरी येऊन दारं आपटायचास.

मग मला सुचलं की भोक सरळच कशाला हवं. तोंडाशी सात ठेवायचं आणि आत घशाशी सव्वासहा, आणि मधला उतार असा गुळगुळीत करायचा की हवेला कुठे अडखळायला नको. बाहेरून बघणाऱ्याला सातचं बूच, आतून सव्वासहा. ऐकायला सोपं वाटतं. पण तो उतार साधायला दोन मोसमांत मी किती बुचं वाया घालवली ते मला आणि आमच्या लॅबच्या केराच्या डब्यालाच ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हाताने घासायचे. घरी टेबलाशी बसून घासायचे तेव्हा तू शेजारीच बसलेला असायचास, फोनवर आपल्याच शर्यतींचे व्हिडिओ बघत. एकदाही मान वाकवून बघितलं नाहीस, की ताई, काय करतेस आतमध्ये. मी बूच तुझ्या तळहातावर ठेवायचे, तू लावायचास. जेवणाचं ताट समोर येतं ना, तसं.

आणि आपण जिंकलो. मी आपण म्हणते आहे, लक्षात घे. कासवाएवढेच पिट आणि सरळ पट्ट्यावर कासवाच्या दुप्पट दम. शेवटच्या फेरीला मी पिटमध्ये टॉवेल डोक्यावर घेऊन नाचले होते. मग शर्यतीचं वर्णन करणारा तो माइकवाला आला. त्याने चांगल्या मनाने विचारलं, इंजिन एवढं गोड वाजतंय, ट्यूनिंग कोण करतं, ताई का? मी तिथेच होते रे, तुझ्यापासून हातभर अंतरावर, बोटं भाजलेली, हातात बाटली. आणि तू म्हणालास, "ताई? ती फक्त पेट्रोल भरते." सगळं मैदान हसलं. मीही हसले. त्या माझ्याच हसण्याचा मला तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त राग येतो. आणि मेल्या, ते पेट्रोल नसतं, नायट्रोचं इंधन असतं, एवढं तरी धड सांगायचं होतंस.

तरी मी गिळलं. घरी येऊन जेवायला वाढलं, तुझी जर्सी धुतली. म्हटलं, पोरगं हुरळलंय, येईल जागेवर. आणि पुढच्याच आठवड्यात मी कामावर असताना तू घरी येऊन माझ्या ड्रॉवरमधली ती गोळ्यांची चपटी डबी घेऊन गेलास, मी घासलेली सगळी बुचं होती त्यात. आईने काढून दिली. तिला काय माहीत, तू म्हणालास ताईने मागवलीय. दोन दिवसांनी कळलं की तू दुकानदाराच्या टीममध्ये गेलास. मला नाही सांगितलंस, माइकवाल्याला सांगितलंस. मला ते पानवाल्याकडून कळावं तसं ट्रॅकच्या गेटवर गाड्या लावणाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बाटली, टॉवेल, हत्यारांची पेटी घेऊन आले होते. पेटी घेऊन तशीच परत आले. बसमध्ये एका बाईने विचारलं, प्लंबिंगची कामं करता का. मी हो म्हटलं.

मग दुकानदाराचं ते बुचांचं पाकीट बाजारात आलं, चकचकीत, वर तुझा फोटो, हाताची घडी घातलेला, आणि नाव काय, तर तुफान सेट. चॅम्पियनने स्वतः तयार केलेली. स्वतः. मी एक विकत घेतलं. काउंटरवरच्या पोऱ्याने मला ओळखलं नाही, वर सल्ला दिला की ताई, लेकाला वाढदिवसाला द्यायला एकदम छान आहे. घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि पहिल्यांदा मला वाटलं माझे डोळे गेले. भोक सरळसोट. तोंडाशी सात, घशाशीही सात. मग चौकशी केली तेव्हा काय झालं ते समजलं, आणि त्या दिवशी मी एकटीच पोट धरधरून हसले. दुकानाच्या लेथवाल्याने माझ्या बुचांना व्हर्नियर लावला तो तोंडाशी. सात आलं. आत निमुळतं होतंय म्हटल्यावर त्याला वाटलं, ड्रिल नीट गेलेलं नाही, हाताचं काम, कडा राहिल्यात. मग त्या शहाण्याने डबीतली सगळीच्या सगळी बुचं सातच्या ड्रिलने साफ करून टाकली आणि तीच नमुना म्हणून ठेवली. आणि तू, चॅम्पियन, तिथे शेजारी उभा राहून बघत होतास. साफ करतोय म्हटल्यावर मान डोलावलीस. तुझ्याच गाडीला दोन मोसम लावलेल्या वस्तूच्या आत काय आहे हे तुला माहीत नव्हतं.

पुढचं तर होणारच होतं. लोकांनी तुझ्या फोटोवर भरवसा ठेवून ती बुचं लावली. पाकिटावर लिहिलेलं होतं, इंधन कमीजास्त करणाऱ्या सुया हलवायची गरज नाही. सुयांची माझी सेटिंग तुला तोंडपाठ, तीच तू दिली असणार, पण ती सव्वासहाच्या घशाची सेटिंग होती रे राजा. सातमधून हवा भसाभस आत जाणार, इंधन ओढलं जाणार त्या मानाने कमी, म्हणजे इंजिन कोरडं पळणार. सुरुवातीला झकास पळतं, आवाज असा चढतो की मालक खूश. मग तापतं, आणि बसतं. दुकानदाराच्या काउंटरवर जळक्या इंजिनांची रांग लागली म्हणतात. तुझ्या स्वतःच्या गाडीची दोन बसली, तीही भर शर्यतीत. मला एका ओळीत हे थांबवता आलं असतं. तोंडाचं नको, घशाचं माप घ्या, एवढंच सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. त्या बापड्या गिऱ्हाइकांचं थोडं वाटलं, पण त्यांना दुकानदाराने नवीन इंजिनं दिली, तेव्हा तेही मिटलं.

आईचं आता सांगते, नाहीतर म्हणशील तिच्याबद्दल काही लिहिलं नाही. गुडघा बरा आहे, जिना चढताना एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने मला धरते. तिचं रोज एकच चाललेलं असतं, सोडून दे, लहान आहे तो. मी म्हणते, आई, छत्तिशीला आला, कानाशी केस पांढरे झालेत, लहान कुठला. ती म्हणते, तुझ्यापेक्षा तर लहानच ना. तुझी ट्रॉफी अजून तिने टीव्हीवरच ठेवलीय आणि रोज पुसते. मी ती एकदा कपाटावर टाकली होती, तर तिने गुडघा दुखत असताना खुर्चीवर चढून परत काढली. म्हणून आता राहू दिलीय. तू ये तिला भेटायला, मी त्या वेळी घरात नसेन अशा बेताने ये.

गेल्या महिन्यात आमच्या लॅबच्या दाराशी बेकरीवाला आला होता. हो, तोच, तुझं कासव. कपड्यांवर पीठ, हातात बिस्किटांचा पुडा, आणि आत यायलाच तयार नाही, चपला काढू की नको यातच अडकला. मला वाटलं, दाताचं काही काम असेल. तर म्हणाला, तू जिंकलेल्या त्या शर्यतीत त्याने स्वतःची गाडी दोन फेऱ्या मुद्दाम तुझ्या मागे ठेवली होती, फक्त इंजिन ऐकायला. असा आवाज सरळ भोकाचा नसतो, असं त्याला तेव्हाच वाटलं होतं. एवढी वर्षं मनात ठेवलं, पण विचारायचं धाडस झालं नाही, कारण ते तुमचं गुपित. हे एवढं बोलून तो घामाघूम झाला. मी काय केलं असेन? बाकावर बसले आणि रडले, सगळ्या लॅबसमोर, खोटे दात हातात धरून. तो घाबरून पाणी आणायला धावला. तू दोन मोसम शेजारी बसून जे बघितलं नाहीस, ते त्या माणसाने धुरळ्यातून, तुझ्या मागून, ऐकून ओळखलं होतं. बिस्किटं छान होती. आईने तीनदा विचारलं, कुणी दिली. मी सांगितलं नाही.

आता हे सगळं कागदावर कशाला, ते सांगते. क्लबचा नियम तुला माहीत आहे, पिटमध्ये उभं राहणारा माणूस एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे गेला तर जुन्या ड्रायव्हरला शर्यतीआधी स्वतःच्या हाताने लिहून कळवायचं, नाहीतर त्याला पिटमध्ये पाऊल टाकता येत नाही. हा नियम व्हावा म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा तूच केला होतास. क्लबच्या कागदांवर मी अजून तुझीच आहे, तू जाताना माझं नाव काढायचंही विसरलास. तेव्हा कळवते की फायनलला मी बेकरीवाल्याच्या पिटमध्ये उभी राहणार आहे. फॉर्मवर त्याने त्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलंय, आणि पुढे काम या रकान्यात इंजिन असं लिहिलंय. सेक्रेटरींना या शेवटच्या पानाची प्रत दिली आहे, बाकीचं आपल्या घरातलं. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही देते, आईला शब्द दिलाय, आणि इंजिनाच्या बाबतीत मी आजवर कुणाशी खोटं बोललेले नाही. बाजारातलं साडेसहाचं बूच लाव आणि मोठी सुई नेहमीपेक्षा पाव फेरा सैल ठेव. मी समोरच्या पिटमध्ये आहे म्हटल्यावर तुला वाटेल की हा डाव आहे, आणि तू सातच्या बुचाकडे हात नेशील. सात लावलंस तर टाकी लवकर आटेल, एक पिट वाचवायला तू सुई आवळून इंधन कमी करशील, आणि इंजिन अर्ध्यात बसेल. साडेसहा लावलंस तर ते शेवटपर्यंत छान पळेल आणि तू दुसरा येशील. पहिलं येणारं बूच मी या मोसमात एकच घासलं, आणि ते काल माझ्या हाताने बेकरीवाल्याच्या गाडीत बसवलं.

तुझीच, अजूनही सख्खी,
ताई